पलीकडचा पाना

पाना फिरला, नट फिरला, आणि नटाबरोबर आख्खा बोल्टही फिरला.

बाइंडरने पाना काढला, हात विजारीला पुसला आणि पुन्हा बसवला. स्टुलावर चवड्यांवर उभं राहून, दम धरून त्याने एक पिळा दिला. पुन्हा तेच. लाडावलेल्या पोरासारखा बोल्ट ओढावं तिकडे येत होता, कामाला मात्र येत नव्हता.

फळीवर कागदाची रिमं होती, पुठ्ठ्यांचे गठ्ठे होते, बांधणीच्या कापडाचे ताके होते. फळी डाव्या अंगाला चांगली दोन बोटं खाली आली होती. आज ना उद्या हे सगळं डोक्यावर येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याने पान्याच्या टोकाने लाकडी भिंतीवर ठोकलं. टक टक. मग पाना नटावर धरून तो थांबला.

पलीकडून काही आलं नाही.

एरवी आलं असतं. दोनदा ठोकलं की पलीकडे कानशीचं घासणं थांबायचं. खुर्ची मागे सरायची. एक खोकला यायचा. मग बोल्टच्या पलीकडच्या डोक्यावर पाना बसल्याचा बारीक ‘खट्’ असा आवाज, आणि बोल्ट एकदम शहाण्यासारखा गप्प. बाइंडर नट कसून घ्यायचा आणि एकदा ठोकायचा, म्हणजे झालं. पाना निघायचा, खुर्ची पुढे सरायची, कानस पुन्हा सुरू. त्यात बोलण्यासारखं काही नसे, आणि कुणी बोलतही नसे.

पलीकडे त्याचा सख्खा धाकटा भाऊ बसायचा. सगळी गल्ली त्याला किल्लीवाला म्हणायची.

गेले कित्येक दिवस किल्लीवाल्याचं शटर उघडलं नव्हतं. बाइंडर रोज सकाळी आपलं शटर वर करताना तिरप्या नजरेने तिकडे बघून घ्यायचा. पण त्याने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, भाऊ तुझा, आणि विचारतोस आम्हाला?

दुकान मुळात एकच होतं, वडिलांचं. वडील पुस्तकं बांधायचे आणि दुकानही पुस्तकासारखंच जपायचे. सुतार, गवंडी, नळवाला यांना त्यांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. “ज्याला आपल्या दुकानाची बिजागरी बसवता येत नाही, त्याने दुसऱ्याचं पुस्तक बांधू नये,” असं म्हणायचे. दोन्ही पोरांना त्यांनी सगळं शिकवलं. शटर अडलं तर तेल ओतायचं नाही, तेल धूळ धरतं. मेणबत्तीचा तुकडा घासायचा. खिळ्याचं भोक मोठं झालं तर त्यात काडेपेटीच्या काड्या ठासायच्या, मग खिळा मारायचा. फरशी हलली तर आधी तिच्याखाली काय आहे ते बघायचं, वरून ठोकत बसायचं नाही.

वडील गेल्यावर धाकटा म्हणाला, मला पुस्तकांत गोडी नाही, मी किल्ल्या करीन. थोरला म्हणाला, कर. मधोमध फळ्यांची भिंत घालायचं ठरलं. दोरी धरून मोजमाप झालं आणि दुकानाला जी एकुलती एक खिडकी होती ती धाकट्याच्या वाट्याला गेली. त्यावरून थोरला काहीतरी बोलला. धाकटा काहीतरी बोलला. काय बोलले ते आज दोघांनाही धड सांगता आलं नसतं. भांडण मोठं नव्हतं. मोठं असतं तर चार माणसांनी मध्ये पडून मिटवलं असतं. एवढ्याशा भांडणात कोण पडणार? ते तसंच राहिलं, पायात मोडलेल्या काट्यासारखं. वरून दिसेना आणि आतून जाईना.

भिंत मात्र दोघांनी मिळून उभी केली, कारण सुतार लावायला दोघांचाही नकार. थोरल्याला फळी वर हवी होती, धाकट्याला खाली. फळ्यांची भिंत पातळ, स्क्रूने वजन पेललं नसतं, म्हणून आरपार बोल्ट घातले. वरच्या बोल्टांचे नट थोरल्याकडे आले आणि डोकी धाकट्याकडे. खालच्यांचे नट धाकट्याकडे आणि डोकी थोरल्याकडे. कुणालाही आपली फळी कसून घ्यायची असेल, तर दुसऱ्याने भिंतीपलीकडून डोकं धरायचं. नाहीतर बोल्ट नुसता फिरत राहणार.

लोखंडी सामानवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं, “चौकोनी मानेचे घ्या. मान लाकडात रुतते, मग एकट्याला कसता येतात.” पुढेही कितीदा सांगितलं. थोरला म्हणायचा, आहेत ते चांगले आहेत. धाकटाही तेच म्हणायचा, असं सामानवाला सांगायचा आणि हसायचा. “तुमचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत आहे बघा.”

आता फळी म्हटली की वर्षातून एकदा सैल व्हायचीच. हवा कोरडी झाली की लाकूड आटतं, नट ढिला पडतो. बाइंडरची फळी त्याहून जास्त वेळा सैल व्हायची. का व्हायची ते बाइंडरला ठाऊक होतं. बायको गेल्यापासून घरी बोलायला भिंतीसुद्धा नव्हत्या, कारण त्या बायकोने लावलेल्या कॅलेंडरांनी आणि तसबिरींनी झाकलेल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघवत नसे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे. दिवसासुद्धा दिवा लावून बसावं लागे. अशा एखाद्या दुपारी तो उठायचा, स्टूल घ्यायचा, आणि एखादा नट अर्धा पिळा सोडून यायचा. सोडायला एकटा पुरतो. कसलेला बोल्ट लाकडाने धरून ठेवलेला असतो, नट सुटतो. कसायला मात्र दोघं लागतात. मग चार दिवसांनी जणू आत्ताच लक्षात आलं अशा थाटात तो ठोकायचा. टक टक.

या खेपेला पलीकडचं शटर उघडेना, तेव्हा त्याने एक नाही, सगळेच नट सोडले होते. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भाऊ आला की काम जास्त वेळ पुरेल, असं काहीसं मनात असावं. भाऊ आला नाही. फळी आली.

“किती वेळ टांगून राहणार? माकडसुद्धा दमून खाली उतरतं,” दारातून चहावाली म्हणाली. ती गल्लीत सकाळ-दुपार किटली घेऊन फिरायची आणि प्रत्येकाला काहीतरी ऐकवल्याशिवाय पुढे जात नसे.

“फळी उतरलीय.”

“मग आधी सामान उतरवा की. ओझ्यासकट फळी कसणारे तुम्हीच पाहिले.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“मला चहातलं कळतं. घ्या, निवेल.”

बाइंडर खाली उतरला. ग्लास दोन्ही हातांत धरून उभ्यानेच पिऊ लागला. चहावाली पलीकडच्या बंद शटरकडे बघत म्हणाली,

“माझा एक ग्लास कमी झाला आता कायमचा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? किल्लीवाल्यांचा. तुम्हाला ठाऊक नाही?”

“आहे ना.”

चहावालीने त्याच्याकडे बघितलं. तिला नाही ते बोलायची सवय होती, पण आता ती जरा जपून बोलली, आठवण करून देतेय असं दाखवत.

“ठाऊक असणारच म्हणा. गुडघे पार गेले बिचाऱ्यांचे. जिना उतरवत नाही. लेक नेतेय आपल्या गावी, उद्या सकाळीच. दुकान त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतलंय. तो ही लाकडं काढून विटांची भिंत घालणार, काचेचं दार लावणार. तुम्हाला ठाऊकच असेल.”

“हो.”

“मग आज जाणार असाल भेटायला.”

“काम पडलंय.”

“कसलं काम? पुस्तकं काय पळून जातात? तुम्हीच शिवून ठेवलीत त्यांना.”

तिने ग्लास घेतला आणि गेली. तिची किटली पुढच्या दुकानापर्यंत वाजत गेली आणि मग तीही ऐकू येईना.

बाइंडर चहावालीच्या सल्ल्याने नव्हे तर स्वतःच्या मनाने सामान उतरवायला लागला. रिमं एकेक करून खाली घेतली. ताके खांद्यावरून आणले. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांनी दम काढला. सगळं भिंतीकडेला रचून होईस्तोवर पाठ भरून आली, पण पाठीवर हात ठेवून तो थांबला नाही. थांबला असता तर विचार करावा लागला असता.

विटांची भिंत. म्हणजे बोल्ट नकोत, नट नकोत. विटेत ठोकलेली खुंटी पलीकडच्याला विचारत नाही.

आता फळी नीट करून तरी काय उपयोग, भिंतच जाणार होती. पण हात ऐकेनात. त्याने नवी युक्ती काढली. करवतीच्या पात्याने एका बोल्टच्या टोकाला बारीक खाच पाडली. खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून डाव्या हाताने बोल्ट धरून ठेवला आणि उजव्या हाताने पाना फिरवला. पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर सटकला. दुसऱ्यांदा धरून राहिला. नट पाव पिळा चढला. मग आणखी पाव. मग घट्ट बसला.

बाइंडरने हात खाली घेतले. एकट्याला जमत होतं. इतकी वर्षं जमलं असतं. त्याला ते आवडलं नाही.

तो स्टुलावरून उतरला आणि स्टुलावरच बसला. दिव्याखाली पाती, पकड, वायसर पसरलेले. असा तो किती वेळ बसला असता कोण जाणे. तेवढ्यात पलीकडचं शटर वर गेलं.

तो चटकन उभा राहिला. पलीकडे पावलं आली. काहीतरी ओढलं गेलं. एक खोका आपटला. त्याने पाना दोन्ही हातांनी धरला. टक टक.

पावलं थांबली.

“कोण आहे?” एका बाईचा आवाज.

त्या भिंतीतून इतक्या वर्षांत शब्द कधी आला नव्हता. भिंतीला उत्तर कसं द्यायचं हे बाइंडरला कळेना.

“मी,” तो म्हणाला.

“मी कोण?”

“मी… बाइंडर.”

“मोठे काका? अहो, मी चिमणी!”

धाकट्याची लेक. ती खिडकीच्या कठड्यावर बसून रस्त्यावरची माणसं मोजायची. आकडे संपले की पुन्हा एकपासून. ती खिडकी अजून दोघांची होती तेव्हाची गोष्ट. पुढे शाळेत जाताना ती बाइंडरच्या दारावरून खाली मान घालून जायची. मग लग्न होऊन लांब गेली.

“भिंत का ठोकताय, काका? आत अडकलाय काय?”

“ते… वरच्या बोल्टांची डोकी धरायची असतात. तुझे बाबा धरतात.”

“अच्छा, ते! पाना कुठला?”

“डाव्या हाताला खिळ्याला टांगलेला असेल.”

“आहे. तुम्हाला कसं कळलं?”

“माझाही तिथेच असतो.”

ती हसली. खुर्ची ओढून वर चढल्याचा आवाज आला. मग ‘खट्’. बोल्ट गप्प झाला. बाइंडरने नट कसला. किल्लीवाल्याचा हात पलीकडे असला की बोल्ट दगडात रोवल्यासारखा वाटायचा. चिमणी धरायची ती सगळं अंग लावून, आणि मध्येच श्वास घ्यायला सैल सोडायची. पण धरायची. एकेक करून सगळे झाले. बाइंडरने सवयीने एकदा ठोकलं.

“हे काय आता?”

“झालं म्हणून.”

“मग झालं म्हणा ना,” चिमणी म्हणाली. “काका, आता माझं एक काम करा. मला इकडची फळी काढून घ्यायचीय. बाबा म्हणाले, फळी त्या मोबाइलवाल्याला ठेवायची नाही, ती आपली आहे. नट तुम्हीच काढून द्या.”

“तू काढ. मी इकडून डोकी धरतो.”

“अहो, या की इकडे. दार उघडं आहे.”

बाइंडरने पाना खिळ्याला टांगला आणि पुन्हा काढून घेतला.

“काका?”

“आलो.”

तो आपल्या दारातून बाहेर पडला. रस्त्यावर ऊन होतं. दोन दारांच्या मध्ये एक खांब होता, तेवढाच. त्याने उगीच खांबाला हात लावला, आणि भावाच्या दुकानात शिरला.

आत उजेड होता. पहिलं ध्यानात आलं ते हे. खिडकीतून उन्हाची एक पट्टी कामाच्या टेबलावर पडली होती, आणि तिच्यात पितळेचा बारीक कीस चमकत होता. भिंतीवर किल्ल्यांचे नमुने रांगेने लटकत होते, तेही आता निम्मे उतरवलेले. शटरच्या खाचेपाशी मेणबत्तीचा तुकडा ठेवलेला होता, बाइंडरच्या दुकानात असतो तसाच, त्याच कोपऱ्यात. कपाटाचा खिळा काडेपेटीच्या काड्या ठासून बसवलेला. दोघांनी एकमेकांचं न बघता एकच दुकान दोनदा सांभाळलं होतं.

चिमणी कमरेला ओढणी खोचून उभी होती. चष्मा लागला होता. कपाळाजवळ दोन-चार केस पांढरे झालेले दिसले आणि बाइंडरला उगाच ओशाळल्यासारखं झालं, जणू ते त्याच्याच हलगर्जीपणाने झाले होते.

“मोठी झालीस,” तो म्हणाला.

“मुलगा कॉलेजात आहे माझा, काका. आता म्हातारी झालीस म्हणा.”

“बाबा कसे आहेत?”

“बसल्या जागी हुकूम सोडतायत. हा खोका असा नको, तो तसा बांध. सकाळपासून तीन वेळा दोरी सोडून बांधून घेतली.”

“दोरी घट्टच लागते.”

“हो, तुम्ही दोघं सारखेच,” चिमणी म्हणाली आणि खोक्याकडे वळली.

बाइंडर खालच्या फळीसमोर गुडघे टेकून बसला. पाना पहिल्या नटावर ठेवला. पाना बसेना, घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. त्याने डोळे बारीक करून बघितलं, मग बोट लावलं. नट बोटानेच फिरला.

त्याने तो पूर्ण सोडवून तळहातावर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. सहा कोपऱ्यांचा नट जवळजवळ गोल झाला होता. आटे लख्ख होते, गंजाचा ठिपका नाही, बोटाला तेल लागत होतं. लाकडातलं भोकही गोल राहिलं नव्हतं. वरखाली हलून हलून लांबट झालं होतं. वर्षाकाठी एकदा कसलेल्या नटाची अशी गत होत नाही. असे झिजलेले नट त्याने याआधी एकाच ठिकाणी पाहिले होते. आपल्याकडे, वरच्या फळीला.

त्याने दुसरा नट बघितला. तसाच. तिसरा तसाच.

“हे फार सैल आहेत,” तो म्हणाला.

“असणारच. बाबा नेहमी म्हणायचे, लाकूड कच्चं निघालं. सारखं आटतं.” चिमणी दोरीला गाठ मारता मारता बोलत होती. “मी म्हटलं, बाबा, तुम्ही कुलपं उघडता-लावता, एक फळी पक्की करता येत नाही? चौकोनी मानेचे बोल्ट मिळतात, मी आणून देते. तर माझ्यावरच डाफरले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आहेत ते चांगले आहेत.”

बाइंडर गुडघ्यांवरून उठला नाही.

बायको गेली तेव्हाचा आठवडा त्याला आठवला. धाकटा आला होता. चार माणसांत मागे उभा राहिला, जवळ आला नाही, आणि गेला. बाइंडरने लगेच दुकान उघडलं होतं, कारण घरात बसवत नव्हतं. शटर वर करून दिवा लावतो न लावतो तोच भिंतीवर टक टक झालं. त्याने पाना घेऊन डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा. तो सबंध आठवडा धाकट्याची फळी रोज सैल होत होती. बाइंडर दात आवळून डोकं धरून उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, काय हा माणूस! माझं घर रिकामं झालं आणि याला फळीची पडलीय. एका दिवशी तर त्याने रागाने मुद्दाम उशीर लावला होता. पलीकडे नुसती शांतता होती. पुन्हा ठोकलं नाही. खुर्ची सरल्याचा आवाजही आला नाही. कुणीतरी तिथे पाना धरून तसंच उभं होतं. शेवटी बाइंडरने डोकं धरलं, तेव्हा पलीकडचा नट कसायला किती वेळ गेला! जरा जरा फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत.

तेव्हा त्याला वाटलं होतं, भावाचा हात आता मंद झालाय.

“काका? काय झालं?”

“काही नाही. नट झिजलेत.”

“मग टाकून द्या. फळी काय, नव्या नटांनी बसेल.”

त्याने टाकले नाहीत. एकेक नट, एकेक वायसर काढून टेबलावर ओळीने मांडला आणि मोकळे बोल्ट पलीकडे ढकलून दिले. मग दोघांनी मिळून फळी खाली घेतली. हलकी होती. भिंत उघडी पडली, आणि तिच्यात लांबट झालेली भोकं तेवढी उरली. एका भोकातून पलीकडे बाइंडरच्या दुकानातला दिवा दिसत होता. दिवसाढवळ्या जळत होता. इथून बघताना तो फारच लहान आणि पिवळा वाटला.

चिमणीने फळीवरची धूळ पुसली. ती बाइंडरकडे न बघता म्हणाली,

“संध्याकाळी येताय का घरी? बाबा आहेत. बाकी कुणी नाही.”

बाइंडरने हाताला लागलेलं तेल दुसऱ्या हाताला पुसलं. घरी जायचं, जिना चढायचा, समोर बसायचं. आणि मग? मध्ये भिंत नसताना कुठून सुरुवात करायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांनीही नाही.

“बघतो,” तो म्हणाला.

“म्हणजे नाही.”

चिमणी किल्ल्यांचे उरलेले नमुने उतरवू लागली. बाइंडर आपला पाना घेऊन दारापर्यंत गेला. उंबऱ्यात थांबला. बाहेर बघत त्याने विचारलं,

“तुझ्या घराची दारं नीट लागतात का गं?”

“लागतात की. नवंच घर आहे.”

“हां. मग बरं.”

त्याने मान हलवली, पण पाय उचलला नाही. चिमणीच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. तिने आधी त्याच्या पाठीकडे बघितलं, मग टेबलाकडे. एक नट उचलून तिने चष्म्यासमोर धरला. किल्लीवाल्याची लेक होती ती. घासून झिजलेला धातू आणि वापरून झिजलेला धातू तिला वेगळा ओळखता येत होता. तिने मान वर करून वरच्या बोल्टांची डोकी बघितली, मग खालची भोकं.

“मागचं घासतं तसं,” ती म्हणाली. “थोडंसं.”

“खालून की बाजूने?”

“ते… खालून.”

“मग दार उतरवून खालची कड रंधावी लागेल. उभ्या दाराला नाही जमत.”

“बरं.”

“दोघं लागतात त्याला. मी बिजागरीचे स्क्रू काढणार, तर दार कुणीतरी तोलून धरायला हवं.”

“बाबांचे गुडघे गेलेत, काका,” चिमणी म्हणाली. “हात शाबूत आहेत. खुर्चीत बसून धरतील.”

बाइंडरने यावर नीट विचार केला. खुर्चीत बसून दार धरता येतं का? उंची कमी असेल तर येतं. खाली लाकडाची पाचर सरकवली तर सहज येतं. रंध्याचं पातं बोथट झालं होतं, त्याला आज धार लावून ठेवावी लागणार होती.

“उद्या तुमच्या गाडीत हत्यारांच्या पेटीला जागा होईल का?” त्याने विचारलं.

“पेटीला की तुम्हाला?”

“पेटीला,” बाइंडर म्हणाला. “म्हणजे, नसली जागा तर मी ती मांडीवर घेईन.”